वही जप्त करण्याआधी ती वाचा

पत्र थोडक्यात असं: पंप आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीतून ते आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. लिहिणाऱ्या बाई उत्पादन नियोजनात १९ वर्षं आहेत. दीड वर्षापूर्वी कंपनीने नवी ईआरपी (सगळ्या खात्यांचे व्यवहार एकत्र चालवणारी सिस्टिम) घेतली आणि प्रकल्पाची सूत्रं त्यांच्याकडे आली. गो-लाइव्हला, म्हणजे ती प्रत्यक्ष सुरू व्हायला, ११ आठवडे उरलेत आणि चारही कारखाने एकाच दिवशी सुरू करायचेत. सल्लागार कंपनीच्या अहवालात सगळे रकाने हिरवे आहेत, पण कारखान्यात फिरलं की पोटात गोळा येतो. मुख्य कारखान्याचे स्टोअरकीपर २६ वर्षं जपलेली आपली वही सोडत नाहीत. नियोजनातली मुलं अजून एक्सेलवरच चालतात. लोक प्रशिक्षणाला येतात, सही करतात आणि जातात. कारखान्यांनी मागितलेले नव्वदेक बदल अजून वादात आहेत. एमडी म्हणतात, "लोकांची मानसिकता बदला, आणि जे बदलत नाहीत त्यांना बाजूला करा." बाईंचे प्रश्न तीन. ती वही जप्त करावी का? तारीख पुढे ढकला म्हणावं, तर "हिला झेपलं नाही" असं ऐकावं लागेल का? की गप्प राहून तारीख गाठावी आणि उरलेलं नंतर दुरुस्त करावं?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात ते तारखेबद्दल आहे असं वाटलं. दुसऱ्या वाचनात नजर एका वाक्यावर अडकली: 'स्टोअरकीपर वही सोडत नाहीत, त्यामुळे बाकीचेही सिस्टिमकडे गांभीर्याने बघत नाहीत.' यातला 'त्यामुळे' मला पटत नाही. त्या वहीत काय लिहिलेलं असतं, हे तुम्ही कधी पाहिलंय का? ती केवढी जाड आहे आणि कुलपात ठेवतात, एवढं तुम्ही लिहिलंय. आत काय आहे याबद्दल पत्रात अक्षरही नाही.

मी विचारतोय, कारण अशी एक वही मी स्वतः जप्त केली आहे. तेव्हा मी एका कारखान्यात मटेरियल्स बघत होतो. गो-लाइव्हच्या आदल्या शुक्रवारी सगळ्यांच्या खाजगी वह्या, डायऱ्या आणि भिंतीवरचे तक्ते गोळा करून कपाटात घातले आणि किल्ली खिशात टाकली. मोठं शौर्य केल्यासारखं वाटलं होतं. पाचव्या दिवशी मशिन शॉप थांबलं. सिस्टिममध्ये ५० मिलिमीटरचा गोल बार (पोलादी सळई) दोन टन शिल्लक दिसत होता आणि रॅकवर होते दोन तुकडे. आधी चोरीचा संशय आला. रात्रपाळीच्या माणसांना नको ते प्रश्न विचारून झाले. शेवटी स्टोअरकीपर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब, माझी वही द्या."

वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने एक कोष्टक होतं. कुठल्या व्यासाचा बार एका मीटरला किती किलो भरतो, त्याचं. सूत्र कुठल्याही वर्कशॉपमध्ये तोंडपाठ असतं: व्यासाचा वर्ग भागिले १६२. ५० मिलिमीटरला मीटरमागे १५.४ किलो. आम्ही बार किलोत विकत घ्यायचो आणि मीटरमध्ये इश्यू करायचो, म्हणून सिस्टिमला प्रत्येक बारसाठी हा गुणक द्यावा लागतो. मास्टर डेटा (प्रत्येक आयटेमची मूळ माहिती) भरताना कुणीतरी वेळ वाचवायला ४० मिलिमीटरचा आयटेम कॉपी करून ५० चा बनवला होता. नाव बदललं, कोड बदलला, गुणक मात्र ४० चाच राहिला, ९.९ किलो. सहा मीटरचा एक बार गेला की रॅकवरून ९२ किलो कमी व्हायचे आणि सिस्टिममधून ५९. दर बारमागे ३३ किलोचं भूत शिल्लक राहायचं. दिवसाला पंधरा बार धरा, चार दिवसांत दोन टनांचं भूत तयार झालं. आणि सिस्टिमच्या मते माल भरपूर होता, म्हणून एमआरपीने (कुठला माल कधी, किती लागेल ते काढणाऱ्या भागाने) खरेदीची मागणीच काढली नाही.

सॉफ्टवेअरने सांगितलं तसंच केलं, चोरी कुणी केली नव्हती, आणि 'मानसिकता' तर कुणाचीच आड आली नव्हती. खरी माहिती एका पुठ्ठ्यावर होती आणि तो पुठ्ठा मी कुलपात घातला होता.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट देतो: जप्त करू नका, वाचा. एक अख्खी सकाळ काढा, स्टोअरकीपरच्या शेजारी बसा आणि पानं उलटत प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न विचारा: हे सिस्टिममध्ये कुठे दिसेल? काही नोंदींना जागा आहे, फक्त कुणी ती त्यांना दाखवलेली नाही. काहींना जागा आहे, पण तिथे भरलेला आकडा चुकीचा आहे. माझ्या त्या ५० मिलिमीटरच्या बारचं उदाहरण त्यातलंच. आणि काहींना जागाच नाही. 'या पुरवठादाराचे सील दहा टक्के जादा मागवा, तेवढे बाद होतात' अशी ओळ ब्लूप्रिंटच्या (सिस्टिमचा आराखडा ठरवण्याच्या) कार्यशाळेत कुणी बोललं नसणार. शिल्लक किती, एवढाच प्रश्न तिथे विचारला गेला असेल. नियोजनातल्या मुलांच्या एक्सेललाही हाच प्रश्न लावा. बंदी घातल्याने एक्सेल बंद होत नाही. ती पेन ड्राइव्हवर जाते आणि मग तुम्हालाही दिसेनाशी होते.

आता तुमच्या एमडींच्या शब्दाकडे येतो. 'मानसिकता' हा फार सोयीचा शब्द आहे. तो वापरला की चूक नेहमी समोरच्याच्या डोक्यात असते, आपल्या आराखड्यात कधीच नसते. ईआरपी आल्यावर स्टोअरकीपरच्या कामाचं नेमकं काय होतं ते बघा. जुन्या पद्धतीत त्यांची नोंद त्यांच्यापुरती असायची. महिनाअखेरीला हिशेब खातं आकडे मागवायचं, फरक निघाला की दोन माणसं बसून मिटवायची. चूक आपल्या खात्यात मुरायची. नव्या सिस्टिममध्ये त्यांनी माल आवक केल्याची नोंद केली की त्याच क्षणी खतावणीत साठ्याची रक्कम वाढते, पुरवठादाराच्या देण्याची तरतूद उभी राहते आणि नियोजनाला माल हजर दिसतो. ईआरपी बनवणारी सॅप कंपनी १९७२ मध्ये आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी काढली. तिच्या आर/२, आर/३ या नावांतला 'आर' रिअल-टाइमचा. माहिती त्या क्षणी सगळीकडे पोहोचावी हेच या सगळ्या पसाऱ्याचं स्वप्न, आणि चूकही त्याच वेगाने पोहोचते. म्हणजे २६ वर्षं स्टोअर सांभाळणारा माणूस त्या दिवसापासून कंपनीच्या ताळेबंदात नोंदी करायला लागतो. पगार, पद, खुर्ची तीच राहते. हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, पण अनुभवी माणसाला ते जाणवतं. तो हात आखडतो, त्याला आपण विरोध म्हणतो.

प्रत्येक कुरबूर शहाणपणाचीच असते, असं मात्र मी म्हणणार नाही. सिस्टिममुळे मागच्या तारखेची नोंद घालता येत नाही, कुणी कुठला दर मंजूर केला ते दिसतं, लपवून ठेवलेला साठा उघडा पडतो, आणि या कारणांसाठी तिला नाकं मुरडणारी मंडळीही असतात. बहुतेक वेळा ती स्टोअरमधे नसतात, चांगली वरच्या मजल्यावर बसतात. फरक ओळखायची माझी एक साधी रीत आहे. तक्रार करणाऱ्याला म्हणायचं, "कुठल्या व्यवहारात अडेल ते मला स्क्रीनवर दाखवा." जो उठून दाखवतो तो तुमचं काम करतोय. जो 'आपल्याकडे हे चालणार नाही' याच्या पुढे जात नाही, त्याच्याशी वेगळं बोलावं लागेल, आणि ते तुम्ही नाही, एमडींनी बोलायचं.

प्रशिक्षणाला येऊन सही करून जाणाऱ्यांबद्दल तुम्ही वैतागून लिहिलंय. त्यांना शिकवलं कशावर? माझा अंदाज आहे की पडद्यावर 'टेस्ट-००१' नावाचा आयटेम होता, शिल्लक १००, भाव १०. व्हॉल्व्हची सीट आणि पंपाचा इंपेलर ओळखणाऱ्या माणसाला त्यातून काय कळणार? शिवाय चार महिने आधी शिकवलेलं गो-लाइव्हच्या सकाळी कुणाच्या लक्षात राहतं? शेवटच्या तीन-चार आठवड्यांत, त्यांच्याच आयटेमवर, त्यांच्याच कामाच्या जागी पुन्हा शिकवा. आणि की-यूझरना (आपल्या खात्यातर्फे प्रकल्पात काम करणाऱ्यांना) रोजच्या कामातून खरोखर मोकळं करा. त्यांच्या जागी बदली माणूस न देता 'थोडा वेळ प्रकल्पालाही द्या' म्हणणं ही माझ्या मते या प्रकल्पांमधली सर्वांत महागडी काटकसर आहे.

हिरव्या रकान्यांचं काय? ते खोटे असतील असं नाही. फक्त ते काय मोजतात ते बघा. कॉन्फिगरेशन पूर्ण, इतक्या चाचण्या पास, इतके रेकॉर्ड लोड. चाचण्या कुणी केल्या? सल्लागारांनी लिहिलेल्या पटकथेवर, त्यांनीच तयार केलेल्या स्वच्छ डेटावर, आणि सगळे अधिकार असलेल्या लॉगिनने. एकदा करार काढून हेही बघा की त्यांचा मोठा हप्ता गो-लाइव्हच्या तारखेला बांधला आहे का. असेल तर त्यांना दोष देऊ नका, पण त्यांचं हिरवं थोडं फिकट धरा.

तुम्ही तुमची एक मळकी ऑर्डर चालवा. खरं गिऱ्हाईक, खरा पंप, ४० नग. ऑर्डर शॉपवर गेल्यावर गिऱ्हाईक ती ३४ करतं. मशिनिंगमध्ये तीन बॉडी बाद होतात, त्यांच्या जागी तीन पुन्हा काढाव्या लागतात. ३४ नग बाहेर कोटिंगला जातात, परत येतात ३२, आणि चलनावर मात्र ३४ लिहिलेलं असतं. २० नग आधी पाठवायचे, उरलेले नंतर. पाठवलेल्यांतला एक गळतो म्हणून परत येतो. हे सगळं टेस्ट सिस्टिममध्ये, पण करणारी माणसं खरी हवीत: गेटवरचा, स्टोअरचा, क्वालिटीचा, डिस्पॅचचा, हिशेबातला. प्रत्येकाने आपल्याच लॉगिनने करायचं. एक फेरी रात्रपाळीतही घ्या. लॉगिनचा आग्रह मी मुद्दाम धरतोय. अर्धी गंमत तिथेच होते. बाद मालाची नोंद करायची परवानगी सुपरवायझरला दिलेलीच नसते, आणि चाचणी सुपर-यूझरने केलेली असते म्हणून ते कुणालाच माहीत नसतं. रात्री दोनला परवानगी द्यायला कोण जागं असणार? लेबल प्रिंटरही तपासा, हसू नका. मी एका ठिकाणी सगळी सिस्टिम चालू आणि लेबलं छापत नाहीत म्हणून ट्रक उभे राहिलेले पाहिलेत.

ही ऑर्डर पहिल्यांदा कुठेतरी अडकणारच, आणि अडकली तर आनंद माना. कुठे अडकली, कुणी सोडवली, किती वेळ लागला, एवढं लिहून ठेवा. पुढच्या बैठकीत ते कागद हिरव्या रकान्यांपेक्षा जास्त बोलतील.

सोबत एक मोजणी करा. दोनशे आयटेम निवडा, त्यात महागडे असू द्या, रोज हलणारे असू द्या आणि कोपऱ्यात पडलेलेही असू द्या. प्रत्यक्ष मोजा आणि लोड केलेल्या आकड्याशी ताडून बघा. पन्नास असेंब्लींचे बीओएम (लागणाऱ्या भागांच्या याद्या) घ्या आणि शॉपमध्ये उभं राहून खरोखर काय लागतं ते बघा. १९६० च्या दशकात जोसेफ ऑर्लिकी यांनी एमआरपी उभी केली, आणि त्या परंपरेतला जुना दंडक असा की साठ्याची अचूकता किमान ९५ टक्के आणि बीओएमची ९८ टक्के हवी. हे आकडे कडक वाटतात, पण हिशेब करून बघा. साठ्याची अचूकता ९५ टक्के असेल आणि एका पंपाला वीस भाग लागत असतील, तर वीसच्या वीस भागांची शिल्लक बरोबर असण्याची शक्यता ३६ टक्के उरते. म्हणजे तीनातल्या दोन पंपांत कुठला तरी एक आकडा खोटा. तुमचा आकडा ८० निघाला, तर मानसिकतेवर भाषण देण्याआधी काय करायचं ते तुम्हालाच कळेल.

आता तारीख. हर्शीचं उदाहरण या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे, तुमच्या एमडींनाही कदाचित असेल. चॉकलेट बनवणाऱ्या या अमेरिकन कंपनीने ११.२ कोटी डॉलरचा प्रकल्प हाती घेतला. ईआरपी, नियोजनाचं सॉफ्टवेअर आणि ग्राहक व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर असं तीन कंपन्यांचं एकदम. चार वर्षांचं काम अडीच वर्षांत बसवलं आणि जुलै १९९९ मध्ये सिस्टिम सुरू केली, म्हणजे हॅलोवीनच्या ऑर्डरी यायला लागल्या नेमक्या तेव्हा. माल तयार होता, दुकानांपर्यंत पोहोचत नव्हता. सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी हुकल्या आणि त्या तिमाहीचा नफा १९ टक्के घसरला. या गोष्टीचा पुढचा भाग कुणी सांगत नाही: त्याच कंपनीने २००२ मध्ये त्याच सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सुरळीत चालू केली. सॉफ्टवेअर तेच, माणसं बरीचशी तीच.

दुसरं उदाहरण तुमच्या 'गप्प बसू का'साठी. वीज आणि गॅस पुरवणाऱ्या नॅशनल ग्रिडने अमेरिकेत आपली नवी सिस्टिम ५ नोव्हेंबर २०१२ ला सुरू केली. आठवड्याभरापूर्वीच सँडी वादळ त्यांच्या भागावर आदळलं होतं आणि माणसं दुरुस्तीच्या जादा पाळ्यांत अडकली होती. तारीख पुढे ढकलायची तर खर्च मोठा, म्हणून पुढे गेले. कर्मचाऱ्यांचे पगार चुकले, पुरवठादारांची हजारो बिलं तुंबली, महिन्याचे हिशेब वेळेत बंद होईनात. निस्तरायला शेकडो दशलक्ष डॉलर गेले. त्या खोलीत कुणाला शंका आली असेल की नाही, तुम्हीच सांगा.

'नंतर दुरुस्त करू' हे वाक्य सॉफ्टवेअरवाल्यांकडून आपल्याकडे आलंय. पडद्यावरचं बटण नंतर सरकवता येतं. आयटेमचं मूळ एकक मात्र एकदा व्यवहार सुरू झाले की सहज बदलता येत नाही. शिल्लक शून्यावर आणायची, उघड्या ऑर्डरी बंद करायच्या, बहुधा नवा कोडच काढायचा. चुकीच्या दराने पडलेल्या प्रत्येक नोंदीला उलटी नोंद लागते आणि लेखापरीक्षक तिचं कारण विचारतो. आज जी दुरुस्ती एका ओळीची आहे, ती गो-लाइव्हनंतर चार खात्यांची होते.

मग करायचं काय? सगळंच पुढे ढकलणं हा एक मार्ग. त्यात सल्लागारांचं मीटर चालू राहतं, की-यूझर कंटाळतात, आणि सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे नुसता वाढवून मिळालेला वेळ सहसा वायाच जातो. त्या वेळात नेमकं काय मोजायचं हे ठरलं नसेल, तर दहा आठवड्यांनी तुम्ही याच खुर्चीत हेच पत्र लिहीत असाल. दुसरा मार्ग तारीख तीच ठेवून पसारा कमी करायचा. ते नव्वद बदल इथे येतात. प्रत्येकाला विचारा: हा केला नाही तर कायदा मोडेल, सुरक्षितता जाईल की गिऱ्हाईक? तिन्हींना उत्तर 'नाही' असेल तर तो बदल पहिल्या वर्षअखेरीनंतर. सॉफ्टवेअरला आपल्या सवयीनुसार वाकवत राहण्याचा शेवट लिडल या जर्मन सुपरमार्केट साखळीने पाहिलाय. साठ्याचं मूल्य खरेदीच्या भावाने धरायची त्यांची पद्धत, सॉफ्टवेअरची मूळ घडण विक्रीच्या भावाची. पद्धत सोडायची नाही म्हणून सॉफ्टवेअर बदलत गेले आणि सात वर्षांनी, २०१८ मध्ये, सुमारे ५० कोटी युरो खर्चून प्रकल्प गुंडाळला.

तिसरा मार्ग एक कारखाना आधी सुरू करण्याचा. माझा कौल तुमच्या पत्रावरून तरी इकडे आहे, पण तो फुकट मिळत नाही. जुनी आणि नवी सिस्टिम काही महिने शेजारी शेजारी राहतात, त्यांच्यामध्ये तात्पुरते पूल बांधावे लागतात, आणि एका कारखान्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या मालाचं दोन्हीकडे दोनदा लिहावं लागतं. म्हणून सर्वांत छोटा किंवा सर्वांत 'ऐकणारा' कारखाना निवडू नका. बाकीच्या तिघांशी ज्याची देवाणघेवाण सर्वांत कमी आहे तो निवडा. एमडी किंवा कारखानाप्रमुख कुणीतरी 'दोन्ही सिस्टिम समांतर चालवू, काही दिवस' असं नक्की सुचवेल. पगाराच्या हिशेबाला ते ठीक आहे. स्टोअर आणि उत्पादनात नाही. एकच माणूस एकच माल दोनदा लिहिणार, दुसऱ्या दिवसापासून एकीकडे मागे पडणार, आणि ती एक बाजू नवीच असणार.

एमडींसमोर 'मला वाटतं आपण तयार नाही' असं म्हणू नका. त्यावर 'आत्मविश्वास ठेवा' हे उत्तर ठरलेलं आहे. कागद ठेवा. साठ्याची अचूकता इतकी, बीओएमची इतकी, मळकी ऑर्डर इतक्या ठिकाणी अडकली, मॉक कटओव्हरला (जुन्यावरून नव्या सिस्टिमवर जाण्याच्या रंगीत तालमीला) इतके तास लागले आणि आपल्याकडे शनिवार-रविवारचे इतकेच आहेत. मग विचारा की यातल्या कुठल्या आकड्याला आपण 'पुढे जा' म्हणणार आणि कुठल्याला 'थांबा'. हे आकडे आताच, तारीख लांब असताना ठरवून घ्या. शेवटच्या आठवड्यात सगळ्यांनाच आकडे पुरेसे वाटू लागतात. आणि त्याखाली चारही कारखानाप्रमुखांच्या आणि हिशेबप्रमुखांच्या सह्या घ्या. तुमची एकटीची नको. सहीला पेन उचलताना जो थबकतो, त्याच्याशी त्याच दिवशी चहा घ्या. त्याला काहीतरी माहीत आहे.

'हिला झेपलं नाही' या भीतीबद्दल. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, असं बोलणारे असतात, आणि बाईबद्दल जरा लवकर बोलतात. पण तारीख गाठून डिस्पॅच थांबला तर तेच लोक तेच वाक्य म्हणतील, आणि तेव्हा तुमच्या हातात मोजणीचा कागदही नसेल. मोजून थांबणाऱ्या माणसाबद्दल पहिले दोन महिने वाईट बोललं जातं. पहिली महिनाअखेर वेळेत बंद झाली की आवाज खाली येतो. खरी परीक्षा तीच आहे. गो-लाइव्हच्या दिवशी केक कापतात, ते ठीक आहे. पण शेवटच्या तारखेला साठा आणि खतावणी जुळली का, ते मोजायला उरलेली ताकद राखून ठेवा. पहिले सहा आठवडे जाणकार माणसं मदतकक्षातल्या फोनवर बसवण्यापेक्षा स्टोअरमध्ये, डिस्पॅचमध्ये आणि रात्रपाळीत उभी करा. गो-लाइव्हआधी तयार मालाचा थोडा जादा साठा करा आणि हंगामाच्या तोंडावर सुरुवात करू नका. एवढं तर तुम्ही नियोजनातल्या असल्याने मी न सांगताही कराल.

राहिले स्टोअरकीपर. त्यांना 'चेंज चॅम्पियन' वगैरे बिल्ला देऊ नका, त्यांना हसू येईल. काम द्या. साठ्याच्या मास्टर डेटाचा मालक म्हणून त्यांचं नाव लिहा, म्हणजे एकक, गुणक, जागा आणि किमान साठा त्यांच्या सहीशिवाय लोड होणार नाही. सोबत टायपिंग करायला एक तरुण द्या. पडदा त्याने बघायचा, डोकं यांचं. आणि त्यांची खरी भीती विचारा: वही रिकामी झाली की माझी गरज काय? तुम्हाला उत्तर माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा आणि एमडींकडून आणा. पोकळ आश्वासन ते लगेच ओळखतील, २६ वर्षं त्यांनी पुरवठादारांची आश्वासनं ऐकली आहेत.

माझ्या त्या स्टोअरकीपरनी पुढे वही स्वतःच बंद केली, सुमारे आठ महिन्यांनी. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आता सगळं तिकडे बरोबर दिसतं, दोनदा कशाला लिहू?" पुठ्ठा मात्र त्यांनी फाडून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. तो मी मागितला नाही.

तुमच्या हातात ११ आठवडे आहेत. पहिला आठवडा वही आणि मोजणीला द्या, दुसरा मळक्या ऑर्डरीला. तिसऱ्यात एमडींकडे जा. आणि मॉक कटओव्हरची तारीख नक्की करण्याआधी रात्रपाळीच्या सुपरवायझरला विचारा, त्या शनिवारी तो सुट्टीवर तर नाही ना.